रॅम्प आहे, पण चढता येत नाही: तक्रार कुणाकडे, अपील कुठे?

प्रश्न: माझ्या आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर आहे. तिची फिजिओथेरपी ज्या कॉम्प्लेक्समध्ये चालते, ती इमारत दोनच वर्षांपूर्वीची. दारात पाच पायऱ्या आहेत. आम्ही तक्रार दिल्यावर मालकाने पायऱ्यांच्या कडेला सहा फुटी काँक्रीटचा उतार घातला. त्यावर खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना आई डोळे घट्ट मिटून घेते. पुन्हा कार्यालयात गेलो, तर ‘रॅम्प झाला, सीसी (पूर्णत्वाचा दाखला) दिलेली आहे, आता आमच्या हातात काही नाही’ असं तोंडी सांगितलं. दुसरा अर्ज मराठीत होता, तो टेबलावरूनच परत केला. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यांच्या गावात इमारतीच्या नियमांवरची अपिलं ऐकायला बोर्ड आहे म्हणे. आपल्याकडे तसं बोर्ड आहे का? अपील किती दिवसांत करायचं, वकील लागतो का? आणि खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रामपंचायतीलाही पायऱ्याच आहेत. तिथेही हाच मार्ग का?
एक वाचक, बेळगाव जिल्हा

उत्तर: नमस्कार. तुमचा पहिला प्रश्न अपिलाचा आहे, पण आम्ही सुरुवात मोजायच्या टेपपासून करतो. ‘रॅम्प झाला’ या दोन शब्दांवर तुमची तक्रार बंद झाली. ती उघडायची तर आकडेच लागतील. ‘फार चढ आहे, आईला त्रास होतो’ असं कितीही कळकळीने लिहिलं तरी अधिकारी ते मत म्हणून बाजूला ठेवतो. मोजलेला आकडा तसा बाजूला ठेवता येत नाही.

चाकाच्या खुर्चीसाठी उताराची कमाल मर्यादा १:१२ आहे. गवंड्याच्या भाषेत, एक इंच उंचीला एक फूट लांबी. तुमच्या पाच पायऱ्या सहा-सहा इंचांच्या धरल्या तर जोतं ३० इंच उंच झालं, म्हणजे रॅम्प ३० फूट हवा. मालकाने घातलाय ६ फूट. तो उतार १:२.४ होतो, परवानगीच्या पाचपट. एवढ्या चढावर ताकदीच्या माणसालाही खुर्ची एकट्याने धरवत नाही.

उंची पायऱ्यांवरून अंदाजाने धरू नका, मोजाच. चार फुटी सरळ पट्टी आणि पाणसळ घ्या. पट्टीचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवा, दुसरं टोक हवेत धरून पट्टी पाणसळीत आणा आणि त्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर राहतं ते मोजा. ४ इंच आलं तर उतार १:१२, ८ इंच आलं तर १:६. तुमच्याकडे ते २० इंचांच्या आसपास येईल. टेप फोटोत दिसेल असा जवळून एक फोटो काढा. दुसरा लांबून, पायऱ्या, उतार आणि दुकानांच्या पाट्या एकत्र येतील असा. त्या दोन फोटोंना कोणतंही भाषांतर लागत नाही.

टेप हातात आहे तोवर बाकीचंही मोजून घ्या. रॅम्पची रुंदी किमान १२०० मिलिमीटर, साधारण चार फूट. वर आणि खाली १५०० बाय १५०० मिलिमीटरची सपाट जागा, म्हणजे पाच बाय पाच फूट. कठडा दोन्ही बाजूंना, ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर, आणि रॅम्प संपल्यावरही ३०० मिलिमीटर पुढे आलेला. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, उंबरा १२ मिलिमीटरहून जास्त नको. यात सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते वरचं सपाट व्यासपीठ. रॅम्प थेट दाराला भिडवतात. मग दार ओढायला एक हात सुटला की खुर्ची मागे घरंगळते. शटरची पट्टी नेमकी रॅम्पच्या डोक्यावर आली असेल तर तिथे पुढची छोटी चाकं अडतात, तेही टिपून ठेवा. पृष्ठभागही बघा. चकचकीत टाईल किंवा पॉलिशचा ग्रॅनाइट आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात साबणासारखा होतो. काँक्रीट ओलं असताना उताराला आडवे झाडूचे ओरखडे मारलेले असले तर तेवढ्यानेही पकड येते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आता मालक काय म्हणेल तेही सांगतो, कारण सुनावणीत हेच येणार आहे: ‘तीस फूट जागा आणू कुठून?’ त्याचं उत्तर तयार ठेवा. रॅम्प सरळच हवा असं नाही. १५ फुटांचे दोन तुकडे शेजारी-शेजारी, मध्ये वळायला पाच फुटांचं व्यासपीठ, अशी रचना साधारण २० फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद जागेत बसते. खाली खुर्ची फिरवायला पाच फूट मोकळे लागतील ते वेगळे. म्हणजे समोरच्या पार्किंगमधली एक मोटार जाते. एका मोटारीच्या जागेसाठी आजारी माणसांना उचलून न्यावं लागणं कुठल्याही अधिकाऱ्यापुढे समर्थनीय ठरणार नाही, आणि हे गणित तुम्हीच कागदावर काढून दिलं तर चर्चा ‘जागाच नाही’ वरून ‘कुठली जागा’ वर येते. प्लॉट उतारावर असेल तर मागच्या बाजूने जोतं आणि जमीन यांतलं अंतर किती आहे तेही मोजा. कित्येकदा मागचं दार एका पायरीवर असतं आणि तिथे दहा फुटांत काम होतं. तेही नसेल तर उभं वर जाणारं लिफ्टचं छोटं प्लॅटफॉर्म हा पर्याय आहे. मात्र ते बंद पडतं, किल्ली वॉचमनकडे असते आणि वॉचमन चहाला गेलेला असतो, म्हणून जागा असताना तो पर्याय मान्य करू नका. रॅम्प गटारीवर आणि रस्त्यावर पुढे काढायची सूचना आली तर तीही नाकारा. ते अतिक्रमण होतं, गटार तुंबते आणि रस्त्याचं काम निघालं की पहिला हातोडा त्यावरच पडतो.

बोर्डाबद्दल. अमेरिकेतल्या अनेक गावांत आणि शहरांत असं अपील मंडळ असतं, तुमचा भाचा बरोबर सांगतो. कर्नाटकात दिव्यांगांच्या सोयींसाठी तसं एक स्थानिक मंडळ नाही. इथे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेला आहे आणि कुठल्या टेबलावर काय मिळतं ते माहीत नसलं की माणूस फिरत राहतो. पहिलं टेबल परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेचं. बेळगाव शहरात महापालिकेचे आयुक्त, निपाणी-गोकाकसारख्या ठिकाणी नगरसभेचे आयुक्त, खानापुरात पट्टण पंचायतीचे मुख्याधिकारी. दुसरं, दिव्यांगांसाठीचे राज्य आयुक्त, बेंगळूर. तिसरं, उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ. कर्नाटक अपिलीय न्यायाधिकरण हे चौथं आहे, पण ते बहुधा तुमच्यापेक्षा मालकाच्या उपयोगाचं. त्याकडे पुढे येतो.

कायदा थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे सरकारी असो वा खाजगी, जिथे सर्वसामान्य लोक ये-जा करतात अशी कुठलीही इमारत. व्यापारी आणि आरोग्यसेवेच्या इमारतींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी देता येत नाही आणि बांधकाम तसं नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. कलम २५ खाजगी दवाखान्यांनाही लागू आहे. ‘सीसी दिली, आता काही नाही’ याला उत्तर कलम ४५ मध्ये आहे: आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारतीही नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. ते नियम २०१७ च्या १५ जूनला निघाले, मुदत २०२२ मध्येच संपली.

‘ही फक्त मार्गदर्शक तत्त्वं आहेत, बंधन नाही’ असंही ऐकायला मिळेल. यावर सर्वोच्च न्यायालयाचा ८ नोव्हेंबर २०२४ चा राजीव रतुरी खटल्यातला निकाल वाचण्यासारखा आहे. मूळ अधिनियमात सोयी सक्तीच्या असताना २०१७ च्या नियम १५ ने त्या शिफारशीच्या पातळीवर आणल्या, म्हणून न्यायालयाने तो नियम अधिनियमाशी विसंगत ठरवला. सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्राला सांगितलं, आणि पूर्णत्वाचा दाखला रोखणं, दंड करणं हे कायद्यातले परिणाम प्रत्यक्षात आणायलाही सांगितलं. म्हणून अर्जात एकट्या नियम १५ वर भार टाकू नका. कलम २५, ४४, ४५ आणि स्थानिक संस्थेचे बांधकाम उपविधी यांवर उभे राहा. मापांसाठी २०२१ च्या केंद्रीय सुगम्यता मार्गदर्शिकेचा आधार द्या. कलम ८९ चा दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास हजार ते पाच लाख आहे. पण पहिल्या दंडाने कॉम्प्लेक्सचा मालक हलत नाही, त्यामुळे सगळा जोर दंडावर देऊ नका.

तुमच्या प्रकरणाचा कणा मंजूर नकाशा आहे. हल्लीच्या बहुतेक व्यापारी नकाशांत रॅम्प काढलेला असतो, कारण त्याशिवाय मंजुरीत अडचण येते. बांधताना तो गाळतात आणि तिथे मोटार उभी करतात. नकाशात रॅम्प असेल तर बांधकाम चुकलं. नसेल तर परवानगीच चुकली. दोन्ही बाजूंनी तुमची तक्रार उभी राहते, फक्त मागणी बदलते. पहिल्या बाबतीत मंजूर नकाशापासून झालेल्या विचलनावर कारवाई मागा. दुसऱ्यात कलम ४४ चा भंग दाखवून दुरुस्तीचा आदेश मागा. म्हणून नकाशा हातात येण्याआधी मोठी तक्रार करू नका.

नकाशा माहिती अधिकारात मिळतो. इथे भाषेचा एक बारकावा आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. मराठीतला अर्ज तिथे नाकारला जाऊ शकतो. कन्नड लिहिता येत नसेल तर सरळ हिंदीत लिहा, लिपी आपलीच आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. लांबलचक पार्श्वभूमी लिहिली की अर्ज तेवढ्या कारणाने परत येतो. मागायचं एवढंच: अमुक मिळकतीचा मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा आणि ताब्याचा दाखला, आणि तो देण्याआधीचा तपासणी अहवाल. ‘मालक तिसरा पक्ष आहे, देता येत नाही’ असं उत्तर ठरलेलं आहे. मालकाला विचारणं ही फक्त प्रक्रिया आहे, त्याचा नकार म्हणजे आपोआप नकार होत नाही. सार्वजनिक हितासाठी माहिती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याने स्वतः ठरवायचं असतं. ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यावरच्या निर्णयानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.

तक्रारीच्या अर्जाची गोष्ट मात्र वेगळी. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. तेव्हा तुमचा मराठी अर्ज टेबलावरून परत करणं चूकच होतं, आणि ते सोसावं लागलं याचं आम्हाला वाईट वाटतं. तरीही आमचा सल्ला असा: मराठी अर्ज वर ठेवा, खाली त्याचा कन्नड अनुवाद जोडा, दोन्हींवर सही करा. नगररचना विभागातल्या ज्या अभियंत्याने जागेवर येऊन मोजायचं आहे, त्याला तो वाचता आला पाहिजे. भाषेच्या हक्काची तक्रार करायची असेल तर ती वेगळ्या कागदावर करा. दोन भांडणं एका अर्जात घातली की कार्यालय सोपं भांडण निवडतं आणि आईचा रॅम्प मागे पडतो.

अर्ज हातोहात दिला तर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आवक क्रमांक आणि शिक्का दोन्ही हवेत. घेत नसतील तर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा, ते टेबलावरून परत करता येत नाही. मागणी नेमकी लिहा: ‘माझ्या समक्ष जागेची तपासणी करावी, मोजमापांचा पंचनामा करावा आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा.’ शेवटचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे आहेत. आजवर तुम्हाला मिळालं ते तोंडी उत्तर, आणि तोंडी उत्तरावर कुणीही अपील ऐकत नाही. ‘किती दिवसांत अपील’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: आव्हान द्यायला अजून तुमच्या हातात कागदच नाही. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण अधिकाऱ्यांना द्या. कर्नाटकाच्या ‘सकाल’ सेवा कायद्यात ही तक्रार बसत नाही. तो कायदा तुम्ही स्वतः मागितलेल्या दाखल्याला किंवा परवान्याला उशीर झाला तर आहे. तिथे हेलपाटे घालू नका.

महिनाभर थांबा. उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर राज्य आयुक्तांकडे जा. साध्या कागदावरचा अर्ज चालतो, वकील लागत नाही. तुमच्या पहिल्या तक्रारीची पोच, फोटो, मापं, नकाशा आणि आईचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. अर्जदार म्हणून आईचं नाव घाला, तुम्ही तिच्या वतीने सही करणारे. राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यामुळे तिथून नोटीस आली की स्थानिक कार्यालयातली फाईल हलते. मर्यादाही जाणून घ्या. ते देतात ती शिफारस असते. दिव्यांग अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणं आयुक्तांना द्यावी लागतात, तुम्हालाही कळवावं लागतं. ती कारणं म्हणजेच उच्च न्यायालयात जाण्यासाठी तुमचा पाया.

धारवाड खंडपीठात रिट याचिकेला मात्र वकील लागेल. त्यासाठी दागिने मोडायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आई दोन्हींत बसते. बेळगावच्या न्यायालय आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करा. तिथून तो उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे जाऊ शकतो.

आता अपिलीय न्यायाधिकरण. समजा महापालिकेने तुमचं ऐकलं आणि मालकावर कर्नाटक महापालिका अधिनियम १९७६ च्या कलम ३२१ खाली कारवाई केली. आधी तात्पुरता आदेश आणि कारणे दाखवा नोटीस निघते, मग मालकाचं म्हणणं ऐकून कायम आदेश. त्या कायम आदेशाविरुद्ध मालक कलम ४४३अ खाली न्यायाधिकरणात जातो आणि स्थगिती मागतो. इथेच जिंकलेली प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहतात, कारण तक्रारदाराला कळतच नाही. म्हणून आदेश निघाला की पुढचे काही आठवडे दर सोमवारी कार्यालयात चौकशी करा. अपील दाखल झालं असेल तर आपल्यालाही पक्षकार करून घ्यावं असा अर्ज लगेच द्या. तुमची मापं न्यायाधिकरणापुढे तुम्हीच ठेवली पाहिजेत, महापालिकेचा वकील ती आपणहून मांडेल असं धरून चालू नका. नगरसभा आणि पट्टण पंचायतींना १९६४ चा वेगळा कायदा लागतो, तिथे ही कलमं लिहू नका.

गावचं प्रकरण पुष्कळ सोपं आहे. ग्रामपंचायतीचं कार्यालय सरकारी इमारतच आहे, कलम ४५ तिला थेट लागू. कर्नाटकात ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. आधी गावातल्या ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठा, हे मानधनावर नेमलेले बहुधा स्वतः दिव्यांग असतात आणि पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) रोजच्या संपर्कात असतात. ग्रामसभेत रॅम्पचा ठराव मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घेतल्याची खात्री करा. पीडीओ टाळाटाळ करू लागले तर तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांना, मग जिल्हा पंचायतीच्या सीईओंना लिहा. ठरावात ‘रॅम्प बांधणे’ एवढंच लिहू नका. उंची, लांबी, रुंदी, कठडा आणि दोन्ही टोकांची सपाट जागा आकड्यांसह लिहा, नाहीतर ठेकेदार तिथेही सहा फुटी उतार घालून बिल काढेल.

हे सगळं होईपर्यंत काही महिने जातील आणि आईला थेरपीला न्यावं लागणारच आहे. त्या रॅम्पवरून उतरताना खुर्ची उलटी उतरवा. तुम्ही खालच्या बाजूला, पाठ रस्त्याकडे, खुर्चीची मूठ दोन्ही हातांत, आईचं तोंड इमारतीकडे. तोंड खाली करून उतरवली तर एवढ्या उतारावर माणूस पुढे घसरतो आणि पुढची चाकं खड्ड्यात अडली की खुर्ची पालथी होते. कमरेला पट्टा बांधा, पाय पायपट्टीवर आहेत ना ते बघा, दुसरा माणूस पुढच्या चौकटीला धरून चढाच्या बाजूने राहील. पाऊस असेल त्या दिवशी हा उतार वापरूच नका. फिजिओथेरपिस्टना एक चिठ्ठी लिहून मागच्या दाराची किंवा घरी येऊन उपचारांची सोय विचारा. चिठ्ठीची प्रत ठेवा, ती अर्जाला जोडता येते.